शाहू मिलची माती आधी तपासा

राजर्षी शाहू महाराजांनी 1906 मध्ये कोल्हापुरात उभी केलेली ही कापड गिरणी 2003 मध्ये बंद पडली. तिथे महाराजांचं स्मारक व्हावं ही मागणी जुनी आणि रास्तच आहे. पण पाया खणण्याआधी माती तपासायला हवी.

जुन्या गिरण्यांच्या आवारात संशयाच्या जागा ठरलेल्या असतात. बॉयलरच्या कोळशाची राख जिथे टाकली जायची, तिथे शिसं आणि आर्सेनिक सापडू शकतं. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी ही रसायनं असत आणि ती मातीत अनेक दशकं टिकतात. छपराचे सिमेंटी पत्रे फोडले तर अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू हवेत उडतात, म्हणून ते ओले करून अख्खेच उतरवावे लागतात. मातीचे नमुने वेगवेगळ्या खोलीवरून घ्यायचे, भूजलाचेही घ्यायचे. कोटितीर्थ तलाव जवळच असल्याने हे टाळून चालणार नाही.

तेलाने माखलेली माती जिवाणूंकडून साफ करता येते. ‘टेरी’ या संस्थेने त्यासाठी ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचं मिश्रण विकसित केलं आहे. जड धातू मात्र जिवाणू खाऊन संपवत नाहीत. असे धातू असलेली माती धुवावी, जागीच बंदिस्त करावी किंवा घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात न्यावी लागते. साध्या डंपरने गावाबाहेर नेऊन ओतणं म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीत विष कालवणं.

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित जागांसाठी स्वतंत्र नियम केले. संशयित जागा कळवण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर आहे, तर सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा आहे.