थळ घाट आणि आधुनिक जगाची घडण

२००८ सालच्या जागतिक मंदीत सातपूर-अंबडच्या कितीतरी कारखान्यांत पाळ्या कमी झाल्या होत्या. त्या दिवसांत एका गेटसभेत एका तरुण कामगाराने आम्हांला विचारले, "भाऊ, बुडाली अमेरिकेची बँक, मग पाळी आमची का बंद?" प्रश्न साधा होता, पण त्या दिवशी आम्हांला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. आमचे शालेय शिक्षण थोडकेच. पुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांतून आणि गोदाकाठी व्याख्याने ऐकत बसून. तेव्हा उत्तर शोधायलाही आम्ही पुस्तकांकडेच गेलो. जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

आधुनिक जगाचा इतिहास आपण साधारणतः असा शिकतो: युरोपात वाफेचे यंत्र निघाले, गिरण्या उभ्या राहिल्या, मग आगगाडी आणि तारायंत्र घेऊन इंग्रज आले आणि आपणही आधुनिक झालो. म्हणजे माल तिकडे तयार झाला, आपण तो फक्त उतरवून घेतला. अलीकडच्या अनेक इतिहासकारांना हे मान्य नाही. सी. ए. बेली यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १७८० ते १९१४ हा काळ सबंध पृथ्वी डोळ्यांपुढे ठेवून मांडला आहे. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की आधुनिक जग एकाच ठिकाणी जन्मले नाही. अनेक देशांतील घडामोडी एकमेकींत गुंतत गेल्या आणि त्यांतून ते घडले.

कापसाचे उदाहरण घ्या. सतराव्या आणि अठराव्या शतकांत हिंदुस्थानचे सुती कापड दूरदूरच्या देशांत खपत होते. लंडनमध्ये त्याचे कपडे शिवले जात, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या खरेदीत ते मोबदला म्हणून दिले जाई. त्यापुढे आपल्या विणकरांचा टिकाव लागेना म्हणून इंग्लंडने १७०० साली छापील हिंदी कापडाच्या आयातीवर निर्बंध घातले आणि १७२१ साली असे कापड वापरण्यावरही. या कापडाशी बरोबरी करण्याच्या धडपडीला सूतकताईच्या यंत्रांच्या शोधात मोठा वाटा आहे. यंत्रांना कापूस लागला. तो अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येऊ लागला, आणि तो वेचणारे होते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज. १८६० साली तेथील गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात होती. तेव्हा मँचेस्टरचा धागा एकट्या मँचेस्टरचा कधीच नव्हता.

आता आपल्या दाराशी येऊ. मुंबईहून नाशिकला येताना कसाऱ्याला पुष्कळ गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात, कारण पुढे सदतिसास एक असा चढ आहे. सदतीस फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर चढते. हा थळ घाट. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली खरी, पण लोहमार्ग सह्याद्री चढल्याशिवाय खानदेश-वऱ्हाडचा कापूस गाडीने बंदरात पोचणार नव्हता. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी या रेल्वेचा पाठपुरावा केला तो याच कापसासाठी. केवळ अमेरिकेवर विसंबणे त्यांना धोक्याचे वाटत होते. भांडवल विलायतेत उभे राहिले, पण त्यावर शेकडा पाच व्याजाची हमी होती हिंदुस्थानच्या तिजोरीची. त्या तिजोरीत मोठी भर पडे ती शेतसाऱ्याची.

आणि डोंगर फोडला कोणी? थळ घाटाबरोबरच पुण्याच्या वाटेवर बोर घाटाचे काम चालले होते. तेथे १८६१ साली चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती; त्यांत बायका होत्या, मुलेही होती. पटकीने त्यांतली कितीतरी दगावली. १८५९ साली थकलेल्या मजुरीवरून तेथे मोठा दंगाही झाला. घाटाच्या इतिहासात इंजिनियरांची आणि ठेकेदारांची नावे सापडतात, या माणसांची सापडत नाहीत.

घाटाचे काम चालू असतानाच, एप्रिल १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि विलायतेला जाणारा कापूस आटला. मुंबईत कापसाचा भाव कधी नव्हता एवढा चढला. खेड्यांत ज्वारी-बाजरीच्या रानात कापूस शिरला, शेतकऱ्याची पत वाढली, सावकार हात सैल सोडू लागला. मुंबईत समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे शेअर घ्यायला झुंबड उडाली. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटातून इगतपुरीपर्यंतचा मार्ग खुला झाला. चारच महिन्यांत युद्ध संपले, आणि त्याबरोबर भाव कोसळला. मुंबईतल्या कंपन्या आणि बँका बुडाल्या. शेतकऱ्याकडे कर्ज मात्र राहिले, आणि पुढे साराही वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले. कर्जरोखे हिसकावून जाळण्याचे हे लोण नगर जिल्ह्यातही पसरले. त्याची कारणे अनेक होती, पण त्यांतले एक अमेरिकेच्या रणांगणापर्यंत जाऊन पोचते.

समुद्राच्या दुसऱ्या टोकालाही पाहा. कापूस नाही म्हणून लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि कामगारांची उपासमार झाली. अमेरिकन दक्षिणेशी तडजोड झाली असती तर त्यांची चूल पेटली असती. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या सभेत कामगारांनी लिंकन यांना पत्र पाठवून गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला, आणि पुढच्याच महिन्यात लिंकन यांनी त्याला उत्तर लिहिले. तिकडच्या साऱ्याच कामगारांचे मत तसे नव्हते. पण ज्यांचे होते, त्यांनी आपल्या पोटाचा आणि परक्याच्या बेडीचा संबंध ओळखला होता.

आपल्याकडेही असे ओळखणारे निघाले. मुंबईच्या गिरणीकामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांनी एकत्र आणले. १८८४ साली त्यांच्या सभांतून साप्ताहिक सुट्टीची मागणी पुढे आली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ती कोणत्याही जहाजातून आयती उतरली नाही. आगगाडी हा आधुनिक जगाचा भाग असेल, तर हा रविवारही त्याचाच भाग आहे.

त्या तरुणाला आज आम्ही एवढेच सांगू: बाबा, तुझ्या पाळीचा अमेरिकेशी संबंध आज जुळलेला नाही, तो दीडशे वर्षांहून जुना आहे. हे जग आपल्याही हातांनी बांधले गेले आहे, म्हणून त्याचा हिशेब मागण्याचा हक्क आपलाही आहे. मात्र हिशेब मागायचा तर बांधणाऱ्यांची नोंद हवी. कसारा-इगतपुरीच्या बाजूला कोणाच्या घरी घाटाच्या कामाच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात असतील, तर त्या कोणीतरी बसून लिहून घ्याव्यात, अशी आमची या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना विनंती आहे.