उतार, चिखल आणि रबरी पट्टा : धानाचे हार्वेस्टर ट्रकवर चढवताना

देवरी हा गोंदिया जिल्ह्यातील, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेला तालुका असून, पूर्वी ६ आणि आता ५३ या क्रमांकाने ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग त्यातून जातो. भोवतालची शेती मुख्यतः धानाची आहे. खरिपाचे धान ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि सिंचनाची सोय असेल तेथे उन्हाळी धान मे महिन्याच्या सुमारास कापणीला येते. मजुरांची टंचाई सर्वांना एकाच पंधरवड्यात भासत असल्याने कापणी व मळणी एका फेरीत उरकणाऱ्या हार्वेस्टरला या काळात मोठी मागणी असते. कन्हार आणि मोरांड या भारी जमिनींच्या बांध्यांमध्ये ओल टिकून राहते, तेथे चाकाचे यंत्र रुतते. म्हणून चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणारे, बोलीत ‘चेनवाले’ म्हटले जाणारे हार्वेस्टर तेथे वापरले जाते. परंतु हा पट्टा डांबरी रस्त्यावर लवकर झिजतो आणि यंत्राचा वेगही फार कमी असतो, त्यामुळे एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना त्याला ट्रकवर चढवावे लागते. चिखलात न घसरणारे हे यंत्र लोखंडी फळीवर मात्र घसरते.

या विसंगतीचे कारण पट्ट्याच्या रचनेत आहे. पट्ट्यावर आडवे उंचवटे असतात. ते मऊ मातीत रुततात आणि यंत्र पुढे ढकलले जाते ते मुख्यतः मातीच्या या विरोधामुळे. बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलचेही तत्त्व हेच असून, कॅनडातील जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांनी १९५९ साली बाजारात आणलेल्या स्की-डू या वाहनाखालीही असाच अखंड रबरी पट्टा होता. बर्फाळ देशांत हे वाहन ट्रेलरवर चढवणाऱ्यांना नेमकी हीच अडचण येते. पोलादी पृष्ठभागात उंचवटे रुतू शकत नाहीत, तेथे केवळ रबर आणि लोखंड यांच्यातील घर्षण उरते. त्यातच उंचवट्यांच्या मधल्या खाचांत बसलेली ओली चिकणमाती फळीवर पसरली, की तेवढ्या घर्षणाचाही बराच भाग जातो.

घर्षण मोजण्यासाठी घर्षणांक ही संख्या वापरतात : दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकू लागण्यासाठी लागणारे बल, भागिले त्यांना एकमेकांवर दाबणारे बल. यंत्र उतारावर टिकण्यासाठी हा अंक उताराच्या चढाशी, म्हणजे उंचीला आडव्या अंतराने भागून येणाऱ्या संख्येशी, किमान बरोबरीचा असावा लागतो. ट्रकचा हौदा जमिनीपासून १.२ मीटर उंच धरला आणि फळी ३ मीटर लांबीची घेतली, तर उतार सुमारे २४ अंशांचा होतो व आवश्यक अंक ०.४४ येतो, फळी ४ मीटरची केल्यास उतार साडेसतरा अंशांवर आणि अंक ०.३१ वर येतो, साधारण ४.६५ मीटरला उतार १५ अंश व अंक ०.२७ होतो. कोरड्या पोलादावर रबराचा घर्षणांक सहज ०.५ च्या वर असतो, पण ओल्या चिखलाचा थर आला की तो ०.३ किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो. आखूड फळीवर कोरडे यंत्र चढते आणि चिखलाने माखलेले तेच यंत्र अर्ध्यावर मागे सरकते, याचे कारण या आकड्यांत आहे. लांब फळी जड असते, दोघांना उचलवत नाही आणि ट्रकवर जागा अडवते, म्हणून मालक आखूड फळी पसंत करतात; ही बचत महागात पडणारी आहे, कारण पकड वाढवण्याच्या सर्व उपायांत उतार कमी करणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो. शेताजवळ रस्त्याचा भराव किंवा उंच धुरा असल्यास ट्रक सखल बाजूला मागे लावून, फळी जवळजवळ आडवी ठेवता येते, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

उतारानंतरची बाब स्वच्छतेची. पट्ट्याच्या खाचांतील माती खुरप्याने खरवडून काढणे आणि फळी कोरडी पुसणे या कामांना दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि घाईत तीच टाळली जातात. नोव्हेंबरातील पहाटे फळीवर दव असते. डोळ्यांना ते फारसे जाणवत नाही, पण लोखंडावरील धुळीत मिसळून त्याचा निसरडा थर तयार होतो. फळीवर तणस टाकण्याची पद्धत मात्र चुकीची आहे. शेतातल्या चिखलात तणस रुतून आधार देते, तर गुळगुळीत पोलादावर धानाच्या काड्या पट्ट्याखाली सरकतात आणि घसरण वाढवतात. कोरड्या वाळूचेही तसेच. बर्फात तिचे कण रुततात, लोखंडावर ते गडगडतात. बारदाना पसरायचा असेल, तर त्याचे वरचे टोक फळीला घट्ट बांधणे आवश्यक आहे, अन्यथा पट्टा त्यालाच मागे ओढून टाकतो.

कायमची सुधारणा हवी असेल, तर फळीवर आडव्या लोखंडी पट्ट्या किंवा अँगल वेल्ड करून घेणे योग्य. त्यांत पट्ट्याचे उंचवटे अडकतात, म्हणजे मातीचा विरोध काही प्रमाणात परत मिळतो. पट्ट्यांमधले अंतर उंचवट्यांच्या अंतराशी जुळले नाही, तर यंत्र धक्के खात चढते. त्यामुळे वेल्डिंगआधी यंत्राचा पट्टा मोजलेला बरा. जाळीदार पत्र्याचा फायदा असा, की चिखल त्याच्या भोकांतून खाली पडतो.

चालकाच्या हाताचे महत्त्वही कमी नाही. स्थिर पकड ही घसरत असतानाच्या पकडीपेक्षा जास्त असते, म्हणून सर्वांत खालच्या गिअरमध्ये, एकसारख्या गतीने चढणे इष्ट. मध्येच ॲक्सिलरेटर वाढवला की पट्टा एकदा सुटतो आणि मग धरत नाही. यंत्र फळ्यांच्या रेषेत आणण्याचे काम जमिनीवरच पूर्ण करावे लागते, कारण उतारावर वळणाचा लिव्हर ओढल्यास एक पट्टा थांबून यंत्र आडवे होते. वर पोहोचताना गुरुत्वमध्य, म्हणजे यंत्राचे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, फळीच्या वरच्या टोकापलीकडे गेला की यंत्र एकदम पुढे झुकते. येथे वेग जवळजवळ शून्यावर आणावा लागतो.

फळी निसटणे हा वेगळा धोका आहे. पट्टा यंत्राला वर ढकलतो तेव्हा फळीला तितकेच मागे रेटतो, त्यामुळे फळीचे आकडे हौद्याला पिनेने किंवा साखळीने जखडलेले, ट्रकच्या चाकांना लाकडी ठोकळे लावलेले आणि हौद्याच्या मागच्या टोकाखाली टेकू दिलेला असावा लागतो. टेकू नसल्यास वजन येताच मागची बाजू दबते आणि उतार मध्येच बदलतो. चढाई सुरू असताना यंत्राच्या मागे किंवा फळीच्या खालच्या बाजूला कोणी उभे राहू नये, कारण तीन टनांचे यंत्र साडेसतरा अंशांच्या उतारावर सुमारे ९०० किलो वजनाच्या जोराने खाली ओढले जात असते, आणि ते हाताने वा खांद्याने रोखता येत नाही.