दोन तारा, एकच दार

शाळेच्या संगणक कक्षातले तीस संगणक बहुधा एकाच सर्व्हरवर अवलंबून असतात. सर्व्हरपासून स्विचपर्यंत जाणारी तारही एकच असेल आणि ऐन प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी ती निकामी झाली, तर तीसही मुलांचे काम अडते. उपाय सोपा वाटतो: सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे बसवावीत, दोन तारा टाकाव्यात. पण नुसत्या दोन तारा जोडल्या, तर सगळे जाळेच ठप्प होण्याचा धोका असतो. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे या लेखात पाहू.

ब्रिज काय करतो?

जाळ्यातून माहिती लहान लहान पाकिटांच्या रूपाने धावते. या पाकिटांना फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेमवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. ब्रिज म्हणजे जाळ्याचे भाग जोडणारा पूल. त्याला अनेक दारे असतात. कोणाची फ्रेम कोणत्या दारातून आली, याची नोंद तो आपल्या वहीत ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याच दाराने उत्तर धाडतो. पत्ता ओळखीचा नसेल किंवा फ्रेम 'सर्वांसाठी' असेल, तर ती आली ते दार सोडून बाकी सर्व दारांतून तिच्या नकला पाठवतो. आपला नेहमीचा स्विच हाही अनेक दारांचा ब्रिजच. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये तर ब्रिज केवळ प्रोग्रॅमच्या रूपात असतो. एका यंत्रात चालणारे अनेक आभासी संगणक त्याच्यामार्फत बाहेरच्या जाळ्याला जोडले जातात.

अंधेरी, घाटकोपर, दादर

पश्चिम आणि मध्य रेल्वे ही दोन जाळी आहेत असे समजा. दादर हा त्यांना जोडणारा जुना पूल. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि दुसरा पूल मिळाला. बोरिवलीहून मुलुंडला जाणाऱ्या प्रवाशाची सोय झाली, कारण त्याला कुठे जायचे ते ठाऊक असते.

'सर्वांसाठी' असलेल्या फ्रेमला मात्र तसे ठिकाण नसते. अंधेरीला तिच्या दोन नकला होतील. एक मेट्रोने घाटकोपरला, तिथून दादरला, पुन्हा अंधेरीला. दुसरी उलट दिशेने. प्रत्येक फेरीत आणखी नकला सुटतील. आयपी पाकिटावर एक आकडा असतो. प्रत्येक राउटरवर तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पाकीट टाकून दिले जाते. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडाच नाही. त्यामुळे फेऱ्या थांबत नाहीत आणि काही क्षणांत जाळे तुंबते.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधल्या रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर तोड काढली. ब्रिज आपसांत निरोप पाठवून जास्तीच्या वाटा बंद ठेवतात. चालू वाट तुटली, तर बंद वाट उघडते. वर्तुळ टळते, पण दोन तारांपैकी एक रिकामीच राहते आणि या पद्धतीच्या मूळ रूपात वाट बदलायला ३० ते ५० सेकंद लागतात.

तारांची जोडी

दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही तारांची मिळून एकच वाट करणे. याला बाँडिंग म्हणतात. मध्य रेल्वेवर रविवारी धीम्या मार्गावर मेगाब्लॉक असला, की त्या लोकल जलद मार्गावर वळवतात. रूळ वेगळे, पण वाट तीच. इथेही एक तार तुटली, की फ्रेम दुसरीवरून जातात.

मात्र ब्रिजबरोबर ही जोडी वापरताना पुढील गोष्टी पाळाव्या लागतात.

१. आधी दोन कार्डांची जोडी करावी आणि ती जोडी ब्रिजचे एक दार म्हणून लावावी. कार्डे सुटी लावली, तर वरचे वर्तुळ तयार होते.

२. सर्व्हरचा आयपी पत्ता ब्रिजला द्यावा. कार्डांना किंवा जोडीला नव्हे.

३. स्विचलाही ही जोडी ठाऊक हवी. आळीपाळीने दोन्ही तारांवर फ्रेम पाठवण्याची पद्धत निवडली आणि स्विचला काहीच सांगितले नाही, तर काय होईल? आभासी संगणकाची 'सर्वांसाठी' फ्रेम पहिल्या तारेने स्विचकडे जाईल. स्विचच्या लेखी दुसरी तार हे वेगळे दार, म्हणून तो तिची नक्कल त्या तारेने परत धाडेल. सर्व्हरमधला ब्रिज समजेल, की हा संगणक बाहेर आहे, आणि वहीतली नोंद बदलेल. मग त्या संगणकासाठी बाहेरून आलेल्या फ्रेम त्याला मिळणारच नाहीत. म्हणून स्विचवर जोडीची नोंद करावी; किंवा २००० साली ठरलेल्या ८०२.३एडी या मानकाची पद्धत दोन्ही टोकांना चालू करावी. साध्या स्विचला हे जमत नसेल, तर एक तार कामावर आणि दुसरी राखीव ठेवणारी पद्धत आम्ही सुचवतो.

४. तार शाबूत आहे की नाही, हे तपासत राहण्याची सूचना द्यावी. साधारणपणे दर १०० मिलिसेकंदांनी तपासणी ठेवतात. लिनक्समध्ये ही वेळ शून्य ठेवली, तर तपासणीच बंद राहते.

दोन तारांनी एका फाइलचा वेग दुप्पट होईल, ही अपेक्षाही ठेवू नये. ८०२.३एडीमध्ये फ्रेमचा क्रम बिघडू नये म्हणून एका संवादाच्या फ्रेम एकाच तारेने जातात. एक लोकल दोन रुळांवरून धावत नाही, तसेच हे. फायदा होतो तो अनेक संगणक एकाच वेळी बोलतात तेव्हा.

वर्गात करून पाहा

चार विद्यार्थी घ्या. प्रत्येकाला इतर तिघांशी दोरीने जोडा. चिठ्ठी मिळाली, की देणाऱ्याला सोडून बाकी सर्वांना तिची नक्कल द्यायची, हा नियम. पहिल्याने चिठ्ठी काढली, की पहिल्या टप्प्यात ३, मग ६, १२, २४ नकला होतात. आता वर्तुळ उरणार नाही अशा बेताने तीन दोऱ्या सोडा. नकला आपोआप थांबतात. शेवटी दोन मुलांमध्ये दोन दोऱ्या एकत्र पिळून बांधा आणि त्यांना एकच दोरी माना. एक दोरी कापली तरी चिठ्ठी पोचते.

हीच परीक्षा खऱ्या सर्व्हरचीही घ्यावी. आभासी संगणकाला पिंग चालू ठेवून एक तार उपसावी, ती परत लावून दुसरी उपसावी. दोन्ही वेळा उत्तर येत राहिले, तरच जोडी नीट जुळली असे म्हणावे. ही तपासणी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवडाभर आधी उरकलेली बरी.