गळाची काठी किती लांब असावी?

आमच्या अकोल्यास प्रवरेच्या कांठीं गळ टाकून बसलेलें पोर घरचें निघालें, तर वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडत. आमचें घरही त्यास अपवाद नव्हतें. परंतु धरलेला मासा पुन्हां पाण्यांत सोडून द्यावयाचा, अशी रीत अलीकडे या छंदांत बरीच रूढ झाली आहे. ती पाळण्याच्या बोलीवर नातवास काठी घेऊन देण्याचें आम्हीं कबूल केलें. त्यानें मात्र एकदम पंधरा फुटांची काठी मागितली, तेव्हां आमच्यांतील निवृत्त मास्तर जागा झाला.

हा विषय आपल्याकडे परका नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ नांवाचें प्रकरण आहे. मग आम्हीं तरी कां लाजावें?

नातवास हवी होती ती ‘फ्लाय’ची काठी. पिसांची ती कृत्रिम माशी इतकी हलकी, कीं स्वतःच्या वजनानें ती दूर जात नाहीं. जाड दोराच्या वजनाबरोबर जाते. हा दोर प्रथम पाठीमागें उलगडावा लागतो, मग पुढें. म्हणून लांबी ठरवितांना पाण्याइतकेंच पाठीकडेही पाहिलें पाहिजे. दाट झाडींतल्या ओढ्यावर साडेसहा ते साडेसात फूट पुरे. अधिक लांब काठी तेथें मासा सोडून करंजाची फांदी धरते! उघड्या कांठाच्या नदीवर किंवा जलाशयावर नऊ फूट ही सर्वसाधारण लांबी होय. खडकांतून धांवणाऱ्या पाण्यांत माशी तळाशीं न्यावयाची असल्यास दहा-अकरा फूट बरी. दोर पाण्यावर उचलून धरतां येतो व प्रवाह त्यास ओढीत नाहीं. जपानी ‘तेन्कारा’ पद्धतींत रीळच नसतें, दोर टोंकासच बांधतात. ती काठी बहुधा अकरा ते तेरा फूट. बारा-पंधरा फुटांची, दोन्ही हातांनीं फिरवावयाची काठी स्कॉटलंडांतील स्पेसारख्या रुंद नद्यांची.

मासा लागल्यावर हिशेब उलटतो. काठी म्हणजे तरफ. मासा टोंकाशीं ओढतो, आपण मुठीशीं धरतों. टोंक जितकें दूर तितका मनगटावर ताण अधिक. काठी वांकते म्हणून तो कांहींसा कमी होतो, इतकेंच. मुलाच्या हातीं फार लांब काठी असली, कीं मासा कांठाशीं येण्यास वेळ लागतो, आणि अतिशय दमलेला मासा सोडल्यावरही दगावूं शकतो. म्हणजे घरांत दिलेलें वचन मोडलेंच कीं! हें सांगितल्यावर पोर गप्प बसलें.

दुसरी गोष्ट आम्हीं त्याच्याकडून दोनदां वदवून घेतली. हल्लींच्या काठ्या बहुधा कार्बनच्या तंतूंच्या असतात व त्यांतून वीज वाहते. विजेच्या तारांखालून जोडलेली काठी उभी धरून जाणें प्राणघातक आहे. तेथें ती सोडवून आडवीच न्यावी. अभयारण्याच्या हद्दींत गळ टाकावयाचा नाहीं आणि जलाशयावर परवानगीवांचून बसावयाचें नाहीं, हें वेगळें सांगणें नको.

शेवटीं नऊ फुटांची, चार तुकड्यांची काठी आली. पहिल्याच दिवशीं दोर मागच्या बाभळींत अडकला. तो सोडवितांना कांटे कोणास बोचले, हें आम्ही सांगत नाहीं.