गाडी सुसाट, पण रस्ता ओलांडायचा कसा?

शुक्रवारची संध्याकाळ. लॅपटॉप बंद, चार मित्र, एक गाडी आणि प्लॅन ठरतो... तुळजापूर! सोलापूर मागे पडलं की धुळ्याचा हायवे लागतो. सोलापूर ते येडशी हा साधारण ९९ किलोमीटरचा पट्टा चौपदरी झाल्यापासून रस्ता एकदम मख्खन. काटा शंभरी कधी गाठतो, कळतही नाही.

याच रस्त्यावर कोजागरीला मात्र वेगळं चित्र असतं. हजारो भाविक सोलापूरहून ४५ किलोमीटर चालत तुळजापूर गाठतात. त्यांच्यासाठी वाहतूक दुसरीकडून वळवतात. म्हणजे हा रस्ता चालणाऱ्यांचाही आहे, हे सरकारला ठाऊक आहे! मग वर्षाच्या उरलेल्या दिवसांचं काय?

धाराशिव जिल्ह्यात हायवेच्या एका बाजूला गाव, तर दुसऱ्या बाजूला शेत, हे नेहमीचंच. त्यात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो. पण सर्व्हिस रोड, दिवे, जवळ भुयारी मार्ग नसेल, तर माणूस दुभाजकाच्या फटीतूनच जाणार. त्याला बेशिस्त म्हटलं की आपण मोकळे!

‘ब्लॅक स्पॉट’ची सरकारी व्याख्या वाचलीय? ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. थोडक्यात, आधी माणसं जाणार, मग जागा यादीत येणार. खर्च आधीच का नाही करायचा?

केला तर फरक पडतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर २०१६ पासून उघडे कठडे झाकले, क्रॅश बॅरियर लावले, खुणा सुधारल्या, पोलिसांचा वचक वाढवला. त्या वर्षी दीडशेच्या घरात असलेले मृत्यू २०१९ मध्ये शंभराच्या आत आले. ड्रायव्हर तेच, रस्ता बदलला!

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या डिझाइन, बांधकाम किंवा देखभालीत मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणी दगावलं, तर जबाबदार यंत्रणेला दंड होतो. किती? जास्तीत जास्त एक लाख. आपल्या गाडीचं डाउन पेमेंट याहून जास्त असतं, नाही का?

जाता जाता...
• बंद दिवा, तुटलेला कठडा दिसला? नॅशनल हायवेसाठी १०३३ फिरवा.
• अपघात दिसला तर १०८. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही.
• गाव आलं की पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. समोरून येणाऱ्या आजीला तुमचा वीकएन्ड प्लॅन माहीत नसतो.