गिलाव्यामागच्या तारा

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी परिसर पुन्हा पुन्हा हादरत राहिला. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. घरोघरी भिंतींना भेगा पडल्या. ‘भेगा बुजवल्या की झालं’ असं म्हणून अनेकदा दुरुस्ती तिथेच संपते. पण भिंत हलते तेव्हा तिच्यातल्या वायरीही ताणल्या जातात आणि जोड ढिले होऊ शकतात. ढिल्या जोडापाशी उष्णता साठते, आणि एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. म्हणून भेगेवर सिमेंट लिंपण्याआधी तिच्या वाटेतल्या वायरी आणि बोर्ड उघडून बघायलाच हवेत.

‘दिवे लागतात, पंखे फिरतात, म्हणजे वायरिंग ठीक आहे,’ हे सगळ्यांत जास्त ऐकू येतं. दिवा लागायला धातूला धातू भिडला की पुरतं; वरचं आवरण शाबूत आहे की नाही, हे दिवा सांगत नाही. चिकूच्या वाड्यांतल्या किंवा गावठाणातल्या जुन्या कौलारू घरात लाकडी पट्टीखाली रबरी आवरणाच्या वायरी सापडल्या, तर त्या हाताळूच नयेत. ते रबर काही दशकांत वाळून भुगा होतं. काही घरांत अॅल्युमिनियमच्या वायरीला तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली असते. खाऱ्या, दमट हवेत असा जोड लवकर गंजतो आणि तापू लागतो. किनाऱ्यालगतच्या घरांत मी आधी हेच जोड तपासायला सांगेन.

एमसीबीवर लोकांचा फार भरवसा असतो. तो बसवला की शॉक लागणार नाही, असं वाटतं. एमसीबी वाचवतो ती वायर: जादा भार किंवा शॉर्टसर्किट झालं तर तो पडतो. माणसाच्या अंगातून मात्र ३० मिलीअँपिअरहून थोडा जास्त प्रवाह गेला तरी जीव धोक्यात येतो, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला एवढीशी गळती कळतही नाही. ती ओळखतो आरसीसीबी. घरासाठी ३० मिलीअँपिअरचा घ्यावा. तो पावसाळ्यात वारंवार पडतो म्हणून काढून टाकणारे भेटतात, तेव्हा काळजी वाटते. बहुतेक वेळा कुठेतरी ओल शिरून प्रवाह गळत असतो, आणि तेच तो सांगत असतो. तसंच एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ अँपिअरचा बसवू नये. वायर तीच राहते, आणि प्रवाह दुप्पट झाला की तिच्यातली उष्णता चौपट होते.

आता अर्थिंग. तीन भोकांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे, असं धरून चालू नये. तिसऱ्या भोकामागे कित्येकदा वायरच नसते. जुन्या घरांत अर्थिंगची वायर पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली आढळते. नूतनीकरणात तो पाइप काढून प्लॅस्टिकचा टाकला, की घराचं अर्थिंग त्याच दिवशी तुटतं, आणि कुणाच्या लक्षात येत नाही. त्यानंतर गीझरमध्ये बिघाड झाला तर त्याच्या पत्र्यावर वीज उतरून तशीच राहते. फॉल्स सीलिंगचे पैसे लांबले तरी चालतील. स्वतंत्र अर्थिंग आधी करून घ्यावं.

‘फ्यूज काढला, आता हात लावायला हरकत नाही,’ हेही धोक्याचं. जुन्या बोर्डांवर फेजबरोबर न्यूट्रललाही फ्यूज असायचा. न्यूट्रलचा तेवढा निघाला तर दिवे विझतात, पण वायरीत फेज जिवंतच राहतो. त्यामुळे टेस्टर आधी चालू सॉकेटवर पारखून, मेन स्विच बंद करून, मगच बघावं.

दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यापलीकडचं काम नियमानुसार परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचं असतं. काम संपल्यावर त्याला ५०० व्होल्टच्या मेगरने आवरणाचा रोध मोजायला सांगा. तो किमान १ मेगाओहम भरला पाहिजे. हे माप भिंतीला रंग लागण्याआधी घ्या, म्हणजे कमी भरलं तर तोच भाग पुन्हा उघडता येईल.