काठावर रोवायची काठी

पाऊस ओसरून कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे पडले, की वेदगंगा-दूधगंगेचं पाणी संथ होतं आणि निपाणीच्या परिसरात गळ टाकणारे दोन तऱ्हेचे लोक दिसू लागतात. एक जण काठी हातात धरून मोरपिसाच्या काडीवर डोळे लावून बसतो. दुसरा काठी काठावर रोवतो, शेंड्याला घुंगरू बांधतो आणि शेजारच्या बांधावर गप्पा मारायला जातो. हा लेख दुसऱ्यासाठी. त्याची काठी रात्रभर दवात उभी असते, पाण्यावर येणाऱ्या म्हशी तिला घासून जातात, आणि मासा लागतो त्या क्षणी जवळ कोणी नसतं.

असा बिनहाताचा गळ दूरदेशीही आहे. अमेरिकेत मिनेसोटाकडे तळी गोठली की बर्फाला भोक पाडून त्यावर एक छोटी चौकट ठेवतात. दोऱ्याची चकरी पाण्याखाली असते, त्यामुळे ती गोठत नाही. माशाने दोरा ओढला की वर निशाण उभं राहतं. या साधनाला तिथे टिप-अप म्हणतात. त्यात काठीला वाकावं लागत नाही, कारण चकरी दोरा सोडत जाते. आपल्या रोवलेल्या काठीला बहुधा चकरी नसते. म्हणून पहिला हिसका जिरवायचं सगळं काम काठीच्या वाकण्यावर येतं. तंगूस सावकाश वाढत्या ओढीला बराच टिकतो, पण अचानक बसलेल्या झटक्याला तुटतो. शेंडा वाकला की तो झटका लांबतो आणि ओढ होतो. बुडखा ताठ आणि शेंडा लवचिक, एवढं साधलं की काठी साधली.

निसर्गाने नेमकी अशीच घडवलेली वस्तू आपल्या घाटमाथ्यावर उगवते. चंदगड, आजरा, खानापूर या पट्ट्यात बांधांवर माणगा बांबूची बेटं असतात. माणगा बिनकाट्याचा आणि बुडाकडे जवळजवळ भरीव असतो. कळक जाड आणि पोकळ. मांडवाला उत्तम, गळाला नाही. पोकळ बांबू वाकताना आधी चपटा होतो आणि मग उभा चिरतो. भरीव काठी तसं करत नाही.

बांबू हे गवत आहे. कोंब पावसाळ्यात येतो, एकाच हंगामात पुरी उंची गाठतो आणि मग पुढची दोन-तीन वर्षं फक्त आतून कठीण होत राहतो. त्यामुळे उंची बघून काठी घेणं फसवं. पहिल्या वर्षाची काठी हिरवीगार दिसते, पेरांना कोंबाची सालपटं चिकटलेली असतात, अंगावर पांढरी भुकटी असते. ती वाळली की सुरकुतते. तीन-चार वर्षांच्या काठीचा रंग मंद पडलेला असतो, सालीवर शेवाळी ठिपके असतात, टिचकी मारली तर आवाज खणखणीत येतो. बेटाच्या मालकाला विचारलंत तर तो बोट दाखवून सांगेल. त्याला प्रत्येक काठीचं वय ठाऊक असतं.

तोड हिवाळ्यात करावी. पावसाळ्यात बांबूत रस जास्त असतो, आणि भुंगेरा येतो तो त्यातल्या पिठूळ अंशासाठी. अंधाऱ्या पक्षातच तोडा, असं जुनी माणसं सांगतात. चंद्राचं मला माहीत नाही, ऋतूचं मात्र पाळा. स्वतःच्या शेतातला बांबू तोडायला आता जुनी अडचण राहिलेली नाही: 2017 साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. जंगलातल्या बांबूला ही मोकळीक नाही.

तयार काठी बुरुडाकडून घेणार असाल, तर ती डोळ्यापाशी धरून बंदुकीसारखी रोखून बघा. थोडा बाक चालतो, तो निखाऱ्यावर शेकून काढता येतो. चालत नाही ती टाचणीएवढी भोकं. काठी जमिनीवर आपटा. पिवळसर भुगा गळला तर परत ठेवा. पेरं जवळ जवळ असलेली निवडा. शेंडा छाटलेला नको, कारण छाटलेल्या काठीची निम्मी लवचिकता गेलेली असते. आणि लांबीचा हव्यास नको. हातात धरायला दहा-बारा फूट ठीक, रोवायला सात-आठ फूट पुरते. लांब काठीवर वाऱ्याने घुंगरू उगाच वाजत राहतं आणि माणूस रात्रभर उठबस करतो.

ओली काठी आणली असेल तर सगळा धीर इथे लागतो. दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवली की पिठूळ अंश बराच धुऊन जातो. मग सावलीत, आढ्याला उभी टांगायची आणि खाली दगड बांधायचा, म्हणजे ती सरळ वाळते. उन्हात टाकली तर चिरा पडतात. ज्यांच्या घरी अजून चूल आहे त्यांनी ती चुलीवरच्या धुरात टांगावी. धुराने माखलेल्या बांबूला कीड सहसा लागत नाही. वाळल्यावर जवसाचं तेल दोन-तीनदा चोळा. बुडखा चिखलात राहणार, म्हणून खालच्या फूटभर भागाला डांबर लावलेलं बरं.

तंगूस शेंड्याच्या टोकालाच बांधायचा, ही सवय मोडा. तो टोकापासून दोन-तीन फूट खाली पक्का बांधा, काठीला वळसे देत वर न्या आणि टोकाला दुसरी गाठ मारा. शेंडा मोडला तरी तंगूस काठीलाच राहतो. तंगूस आणि काठी यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबची वीतभर पट्टी घातली, तर चकरी नसल्याची उणीव बरीच भरून निघते. बुडख्याला वेगळी सुतळी बांधून ती खुंटीला किंवा झाडाला अडकवा. चिलापी काठी ओढून नेणार नाही, पण मोठा कटला किंवा सिप्रस रोवलेली काठी उपटून नेतो. काठी पाण्याकडे थोडी कललेली रोवा. बंधाऱ्याच्या वर बसला असाल तर पाण्याच्या पातळीवर नजर ठेवा. पाणी सोडलं की तंगूस ताणला जातो आणि मासा नसताना घुंगरू वाजतं.

बाजारातल्या दुमडत्या काठीचं काय? बॅगेत मावते आणि स्वस्त असते, म्हणून ती खपते. रोवण्याच्या कामाला मात्र मला ती पटत नाही. नळीत नळी सरकताना वाळू शिरते, सांधे अडकतात, आणि सर्वांत बारीक शेंडा पहिल्यांदा जातो. फायबरच घ्यायची तर भरीव, आखूड, एकसांधी घ्या. जड असते, पण आपटली तरी टिकते. कार्बनची काठी हलकी आणि महाग, आणि धक्का सोसत नाही. कड्या असतील तर प्रत्येक कडीतून कापूस फिरवा. तो अडकला तर कडीला चीर आहे, आणि ती चीर तंगूस कापणार.

कार्बनबाबत आणखी एक गोष्ट, आणि ती पैशांची नाही. कार्बनमधून वीज वाहते. आपल्या नदीकाठी शेतीपंपांच्या तारा कुठे कुठे हाताला लागतील इतक्या लोंबतात. तारेखाली कोणतीच काठी उंच धरू नका, कार्बनची तर नाहीच. ओला बांबूही भरवशाचा नाही.

हिडकलसारख्या धरणाच्या पाण्यावर किंवा गावतळ्यावर जाणार असाल, तर मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे ते आधी विचारा. मिरगाचा पाऊस पडला की मासे अंड्यावर येतात; तेव्हा काठी पुसून, तेल चोळून, पुन्हा आढ्याला टांगायची. तंगूस काढून टाका. उन्हाने तो ठिसूळ होतो, आणि बरगे पडतील तेव्हा नवाच लागेल.